जुन्या घडणीची इलेक्ट्रिक गिटार: वारणानगरात घ्यायची तर खर्च किती?

इलेक्ट्रिक गिटार घ्यायची म्हटलं की पहिली चौकशी होते दुकानातल्या किमतीची. कोडोली-वारणानगर भागातली अभियांत्रिकीची मुलं, त्यांचे पालक, लग्नसराईत आणि गणेशोत्सवात ऑर्केस्ट्रातून वाजवणारे कलाकार, सगळे तीच विचारतात. माझ्या मते त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: ही गिटार बिघडली तर इथे ती कोण नीट करणार? पुण्या-मुंबईत गिटारचं काम करणारे चांगले कारागीर आहेत, पण वारणानगरहून पुणं दोनशेहून अधिक किलोमीटरवर. व्हॉल्यूमचं बटण खरखरतंय म्हणून कुणी गिटार पाठीला लावून वाठारच्या फाट्यावर एसटीची वाट पाहत उभं राहणार नाही. मग ती गिटार पलंगाखाली जाते आणि तिथेच राहते.

म्हणून इथे राहून वाजवणाऱ्याला माझा सल्ला एकच असतो. नाव कुठलंही असो, घडण फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरची, म्हणजे स्ट्रॅटची घ्या. सत्तर वर्षांपूर्वीची ही घडण मला जगातल्या सगळ्या इलेक्ट्रिक गिटारींत सर्वांत सुंदर वाटते. पण सल्ल्यामागचं कारण व्यवहाराचं आहे. विकत घेण्याचा खर्च एकदाच होतो, सांभाळण्याचा जन्मभर चालतो, आणि सांभाळायला हिच्याइतकी सोपी आणि स्वस्त गिटार दुसरी नाही.

दुरुस्ती करणाऱ्याच्या हातची रचना

लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातल्या फुलरटन गावचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. पण दुकानात दुरुस्तीला येणारी वाद्यं, ॲम्प्लिफायर आणि ते वाजवणाऱ्यांच्या तक्रारी रोज त्याच्या टेबलावर यायच्या. १९५४ साली बाजारात आलेल्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये त्या सगळ्या तक्रारींची उत्तरं आहेत. हात टेकतो तिथे आणि पोटाला लागते तिथे लाकूड तासून गोल केलेलं आहे, त्यामुळे तीन तासांच्या कार्यक्रमातही अंगाला टोचत नाही. मान चार स्क्रूंनी बसवलेली आहे. तीन पिकअप, बटणांखालचे तीन पॉट आणि स्विच असं जवळपास सगळं वायरिंग प्लॅस्टिकच्या एकाच पाटीवर आहे. पाटीचे आठ किंवा अकरा स्क्रू काढले की ते पाटीसकट उचलून समोर ठेवता येतं. सोल्डरिंग करणारा कुणीही टीव्ही मेकॅनिक ते पाहून पाच मिनिटांत समजून घेतो.

आपल्या भागात तर असे हात भरपूर आहेत. कोल्हापूर-सांगली पट्ट्यात बेंजो पार्ट्या आहेत, त्यांच्या बेंजोला पिकअप असतो, मागे ॲम्प असतो, आणि हे सगळं चालू ठेवणारे मेकॅनिक गावोगाव आहेत. स्ट्रॅटचं वायरिंग बेंजोच्या वायरिंगपेक्षा फार वेगळं नाही. सैल जॅक बदलायला शे-दीडशे रुपये, खराब पॉट बदलायला देशी माल घेतला तर तेवढेच आणि चांगला २५० किलोओहमचा पॉट मागवला तर सहाशे ते नऊशे. मजुरी वेगळी. नुसती खरखर असेल तर पॉट बदलायचीही गरज नाही. कॉन्टॅक्ट क्लीनरचा तीन-चारशे रुपयांचा डबा आणा, पॉटच्या फटीत एक फवारा मारा आणि बटण वीस-पंचवीस वेळा फिरवा. तो डबा काही वर्षं पुरतो.

लेस पॉलही मला आवडते. १९५२ साली आलेली गिब्सनची ही गिटार जाड, भरदार आवाजाची. पण तिची मान सरसाने चिकटवलेली असते आणि डोकं मागे कललेलं असतं. स्टँडवरून पडली तर डोक्यापाशी मोडते, हा तिचा जुना आणि सर्वांना माहीत असलेला दोष. ते चिकटवून घ्यायचं काम जाणकार कारागिराचंच, आणि त्याला पाच हजारांपासून पंधरा हजारांपर्यंत सहज लागतात. स्ट्रॅटची मान आणि डोकं एका रेषेत असतं. पडली तर बहुधा पोचा येतो. अगदीच मोडली तर दुसरी मान मागवून चार स्क्रूंनी बसवता येते.

आता आवाजाबद्दल. कार्यक्रमात वाजवणाऱ्याने स्ट्रॅट हातात घेतली की ती खाली ठेवावीशी वाटत नाही, ते या आवाजामुळे. तीन पिकअपमधला मानेजवळचा आवाज गोल आणि ऊबदार, ब्रिजजवळचा धारदार. स्विचला आधी तीनच जागा होत्या. वाजवणाऱ्यांनी तो दोन जागांच्या मधे अडकवून बसवायला सुरुवात केली, कारण दोन पिकअप एकत्र लागले की एक पोकळ, घंटेसारखा नाद निघतो. शेवटी १९७७ साली फेंडरने पाच जागांचा स्विचच द्यायला सुरुवात केली. सत्तरच्या दशकातल्या हिंदी गाण्यांमधले मोकळे, चमकदार कॉर्ड वाजवायचे असतील तर मला याच मधल्या जागा लागतात. ‘दम मारो दम’मधली गिटार भूपिंदर सिंग यांनी वाजवली. त्या पिढीच्या वादकांची गाणी बसवायला बसलात की एका गाण्यात तीन वेळा आवाज बदलावा लागतो, आणि स्ट्रॅटवर तो करंगळीच्या अंतरावर बदलतो. व्हॉल्यूमचं बटणही तारांच्या इतकं जवळ आहे की उजव्या हाताने तार छेडताना करंगळीने आवाज हळूच वर आणता येतो. संथ गाण्यातला सूर असा कुठूनसा उमटत येतो, त्याला तोड नाही.

किती पैशांत काय मिळतं

पुढचे सगळे आकडे अदमासे आहेत. दुकान, सूट आणि डॉलरचा भाव यांप्रमाणे ते खाली-वर होतात. गिटारवर १८ टक्के जीएसटी असतो आणि बाहेरून येणाऱ्या मालावर आयात शुल्कही, म्हणून परदेशी संकेतस्थळावरची किंमत रुपयांत बदलून इथल्या दुकानदाराशी वाद घालू नका.

दहा हजारांच्या आतल्या स्ट्रॅटसारख्या दिसणाऱ्या गिटारी ऑनलाइन ढिगाने मिळतात. बऱ्याचदा सोबत छोटा ॲम्प, वायर, पट्टा असा सगळा संच असतो. शिकणाऱ्याला मी त्या घेऊ नका असंच सांगतो. खुंट्या सूर धरत नाहीत, फ्रेट उंचसखल असतात, आणि मुलाला वाटतं आपलाच हात बसत नाही. दोन महिन्यांत मूल गिटार सोडतं. दहा हजार वाचवायच्या नादात दहा हजार आणि मुलाची हौस, दोन्ही जातात.

खरी सुरुवात सतरा-अठरा हजारांपासून होते. स्क्वायर ही फेंडरचीच स्वस्त मालिका आहे, १९८२ पासूनची. तिची सॉनिक ही गिटार आणि यामाहाची पॅसिफिका ०१२ या दोन्ही अठरा ते बावीस हजारांच्या पट्ट्यात मिळतात. पॅसिफिकाच्या ब्रिजपाशी दुहेरी पिकअप आहे, म्हणून तिचा तिथला आवाज स्ट्रॅटपेक्षा जाड. बाकी मान स्क्रूंची, तारेची लांबी तीच. कॉलेजच्या मुलासाठी एकूण हिशेब असा धरा: गिटार वीस हजार, दहा वॉटचा छोटा ॲम्प सहा ते नऊ हजार, वायर-पट्टा-पिक-क्लिपचा ट्यूनर मिळून दीड-दोन हजार, आणि सेटअपसाठी, म्हणजे गिटार नीट लावून घेण्यासाठी, दोन हजार राखून. म्हणजे तीस ते तेहतीस हजार. ॲम्प आत्ता परवडत नसेल तर कानाला हेडफोन लावून वाजवायचा खिशातला छोटा ॲम्प दीड ते तीन हजारांत मिळतो. वसतिगृहातल्या मुलाला तर तोच बरा.

ऑर्केस्ट्रात पैसे घेऊन वाजवणाऱ्याचा हिशेब वेगळा, आणि माझा जीव जास्त गुंततो तो त्याच्यात. त्याला रात्रभर सुरात राहणारी, घामाने खराब न होणारी, पुढची दहा वर्षं कमाई करून देणारी गिटार हवी. इथे तीन वाटा आहेत. पॅसिफिका ११२, तीस ते पस्तीस हजार. स्क्वायरची क्लासिक व्हाइब मालिका, पंचेचाळीस ते पन्नास हजार; हिची घडण आणि आवाज जुन्या फेंडरच्या फार जवळ जातो. आणि तिसरी वाट, मला सर्वांत आवडणारी: मेक्सिकोत बनलेली खरी फेंडर, वापरलेली, पंचेचाळीस ते साठ हजारांत. नवी घेतली तर हीच पंचाहत्तर ते नव्वद हजारांना पडते. कार्यक्रमांसाठी ॲम्पऐवजी मल्टिइफेक्टचा पेडल घ्या, दहा ते अठरा हजार. त्यात ॲम्पच्या स्पीकरचा आवाज बनवलेला असतो, थेट मिक्सरला जोडता येतो, आणि टेम्पोत ॲम्प चढवायचे कष्ट वाचतात. सगळं धरून चाळीस ते ऐंशी हजारांत व्यावसायिक वादकाची पूर्ण तयारी होते.

अमेरिकेत बनलेली नवी स्ट्रॅट पावणेदोन लाखांपासून पुढे. गिब्सनची लेस पॉल स्टँडर्ड अडीच-तीन लाखांच्या घरात. उसाचं बिल आलंय आणि हौस आहे, तर जरूर घ्या, हातात घेतल्यावर फरक कळतो. पण ऐंशी हजारांची चांगली लावलेली गिटार आणि दोन लाखांची तशीच खोक्यातून काढलेली गिटार यांत मी पहिली उचलेन. फुलरटनची पन्नास-साठच्या दशकातली मूळ गिटार हा संग्राहकांचा विषय झाला आहे. १९५४ साली जी २४९ डॉलर ५० सेंटला विकली जायची, तिला आज हजारो डॉलर मोजावे लागतात. आपल्या हिशेबात ती नको.

महाग आणि स्वस्त यात फरक कुठे असतो

पाटी उचलून पिकअपचा तळ पाहा. स्वस्त गिटारीत सहा लोखंडी खुंट आणि त्यांच्या खाली चिकटवलेल्या सिरॅमिक चुंबकाच्या एक-दोन काळपट पट्ट्या दिसतात. जुन्या घडणीच्या पिकअपला खाली पट्टी नसते. तिथे ते सहा खुंटच अल्निको नावाच्या मिश्रधातूचे चुंबक असतात. त्यांच्याभोवती केसापेक्षा बारीक तांब्याच्या तारेचे साडेसात-आठ हजार वेढे असतात. १९५६ साली फेंडरच्या कारखान्यात लागलेल्या ॲबिगेल इबारा हे वेढे स्वतः हाताने तार धरून घालायच्या आणि आज त्यांच्या हातच्या पिकअपसाठी लोक वाट्टेल ती किंमत मोजतात. सिरॅमिकचा आवाज कडक आणि थोडा कोरडा, अल्निकोचा मऊ, बोटाचा जोर ओळखणारा. वीस हजारांच्या गिटारीत पुढे कधी तीन अल्निको पिकअपचा संच घालायचा झाला तर आठ ते पंधरा हजार लागतात. पण हा खर्च सर्वांत शेवटी करा, सेटअप आणि ॲम्प नीट झाल्यावरच.

लाकडाचा विषय जाता जाता. मानेवरची फिंगरबोर्डची पट्टी एकतर मेपलची असते किंवा गडद लाकडाची. फेंडरने स्ट्रॅटवर १९५९ मध्ये शिसवीची पट्टी आणली, आधी ब्राझीलची, मग साठच्या दशकातच भारतीय शिसवीची. सह्याद्रीत वाढणारी शिसव ती हीच. २०१७ मध्ये शिसवीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले, तेव्हा कंपन्या दुसऱ्या लाकडांकडे वळल्या. २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. स्क्वायरच्या माहितीपत्रकात ‘इंडियन लॉरेल’ दिसलं तर बिचकू नका, तो आपला ऐन. चांगलं, टणक लाकूड आहे. या फरकापायी जास्त पैसे मोजायचं काही कारण नाही.

सेटअप: सर्वांत जास्त परतावा देणारा खर्च

कारखान्यातून निघालेली गिटार बोटीने, मग ट्रकने, मग कुरियरच्या टेम्पोने येते. वाटेत हवा बदलते, मान हलते. म्हणून नवी गिटारही लावून घ्यावी लागते. पुण्यात या कामाला दीड ते तीन हजार घेतात. फ्रेट घासून सपाट करायचे असतील तर चार ते सात हजार, सगळे फ्रेट बदलायचे तर दहा ते अठरा हजार. फ्रेटची कामं कारागिराकडूनच करून घ्या. सेटअप मात्र घरी करता येतो आणि तो प्रत्येक वादकाने शिकावा असा माझा आग्रह आहे.

लागणारी हत्यारं मोटारसायकलच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतात. टॅपेट सेट करायला मेकॅनिक जो फिलर गेज वापरतो तोच इथे चालतो, दीडशे ते तीनशे रुपये. ॲलन कींचा संच दोन-तीनशेचा, मिलिमीटर आणि इंच दोन्ही मापांचा घ्या. स्टीलची पट्टी आणि मोबाइलवरचा ट्यूनर.

गिटार सुरात लावा. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा, जाड तार शेवटच्या फ्रेटपाशी दाबा आणि आठव्या फ्रेटच्या माथ्यावर तारेखाली किती फट आहे ते गेजने पाहा. पाव मिलिमीटरचं पातं जेमतेम सरकलं की मान बरोबर आहे. फट जास्त असेल तर मानेतला रॉड घट्ट करायचा, कमी असेल तर सैल. एका वेळी पाव फेरा, त्याहून अधिक कधीही नाही, आणि रॉड अडून बसला तर जोर न लावता थांबायचं. मग कॅपो काढून सतराव्या फ्रेटपाशी तारेची उंची मोजा. १.६ मिलिमीटर ही फेंडरची नेहमीची शिफारस. ती ब्रिजवरच्या छोट्या ॲलन स्क्रूंनी कमी-जास्त होते. मींड घ्यायची सवय असेल तर किंचित उंच ठेवा, तार बोटाखाली नीट सापडते. शेवटी बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर आणि त्याच जागी नुसता स्पर्श करून काढलेला हार्मोनिक, दोन्ही ट्यूनरवर एकच दिसायला हवेत. दाबलेला चढा आला तर सॅडल मागे, उतरला तर पुढे.

ब्रिजच्या हालणाऱ्या दांडीबद्दल ऑर्केस्ट्रावाल्यांसाठी खास सूचना. ब्रिज तरंगता ठेवला की कार्यक्रमात एक तार तुटताच उरलेल्या पाचही सूर सोडतात. मागचं झाकण उघडून स्प्रिंग वाढवा किंवा स्प्रिंग अडकवलेल्या पट्टीचे दोन स्क्रू आवळा, म्हणजे ब्रिज लाकडावर टेकेल. खर्च शून्य. दांडी खालच्या बाजूला तरीही चालते.

वरच्या टोकाचा नट प्लॅस्टिकचा असेल आणि तार त्यात अडकून कुरकुरत असेल तर हाडाचा नट बसवा. तयार तुकडा दीडशे ते चारशे रुपयांत येतो, बसवायची मजुरी आठशे ते दीड हजार. पुण्याला जायच्या आधी मिरजेत चौकशी करा. वाठार, हातकणंगले, जयसिंगपूर करत तासा-दीड तासात पोहोचता. तिथल्या सतारमेकर गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या सतारी-तंबोरे घडतात आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. जवारी काढताना हाडाच्या घोडीवर केसाएवढा उतार साधणाऱ्या हातांना नटाची खाच अवघड नाही. मात्र गिटारचं काम सगळेच घेत नाहीत. आधी विचारा, गिटार सोबत न्या, आणि प्रत्येक तारेच्या जाडीचा आकडा लिहून द्या.

अर्थिंग: इथे काटकसर नको

इलेक्ट्रिक गिटारच्या तारा ब्रिजमधून, वायरमधून ॲम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात. म्हणजे वाजवणाऱ्याचा हात सतत अर्थवर असतो. घराच्या बोर्डात तीन भोकं आहेत पण तिसऱ्याला वायरच नाही, अशी घरं आपल्याकडे अजून खूप आहेत. अशा ठिकाणी तारांना हात लावला की झिणझिण्या येतात, गुणगुण वाढते. आणि मंडपात गिटारचा ॲम्प एका जोडणीवर आणि माइकचा मिक्सर दुसऱ्या जनरेटरवर असला, तर तारांवर हात ठेवून माइकला ओठ लावणाऱ्याला जीवघेणा झटका बसू शकतो.

ॲम्पच्या प्लगची तिसरी पिन कधीही तोडू नका, दोन पिनांचा कन्व्हर्टर लावू नका. परवानाधारक वायरमनला बोलावून अर्थ तपासून घ्या. नवा अर्थ घालायला रॉड, खड्डा, मजुरी धरून साधारण तीन ते आठ हजार लागतात. तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी दीड ते अडीच हजारांत बसतो, आणि तो अख्ख्या घराचं रक्षण करतो. मंडपात गिटार, कीबोर्ड आणि मिक्सर एकाच जागेवरून, अर्थ असलेल्या एकाच बोर्डावरून जोडायला लावा. आयोजक कुरकुरले तरी हट्ट सोडू नका.

अर्थ नीट असूनही स्ट्रॅट थोडी गुणगुणतेच. एकेरी पिकअप आसपासच्या विजेची ५० हर्ट्झची घरघर पकडतात. एलईडी माळा, डिमर, मोटारींचे स्टार्टर यांच्याजवळ ती वाढते. स्विचच्या दोन मधल्या जागांवर ती बहुतेक नव्या गिटारीत जवळपास नाहीशी होते, कारण मधला पिकअप उलटा गुंडाळलेला असतो. तीन-पाचशे रुपयांची तांब्याची चिकटपट्टी आणून आतली पोकळी मढवली की आणखी फरक पडतो.

पावसाळा आणि वर्षाचा खर्च

पन्हाळ्याच्या कुशीतला आपला पाऊस गिटारला मानवत नाही. जून ते सप्टेंबर तारा आठवड्याभरात काळवंडतात. वाजवून झालं की जुन्या सुती कापडाने तारा वरून आणि खालून पुसा. गिटार भिंतीला टांगू नका, ओल भिंतीतूनच येते. जाड अस्तराच्या बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा, बॅग दीड ते तीन हजार, पुड्या शंभर-दोनशेच्या. उन्हाळ्यात उलटं होतं: लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं मानेच्या कडेला तळव्याला करकरीत लागतात. बारीक कानशीने ती गोल करता येतात. मान वर्षातून दोनदा तपासायची, पाऊस सुरू झाल्यावर एकदा आणि थंडी सरताना एकदा.

तारांचा चांगला संच पाचशे ते साडेसातशे रुपये. नेहमी वाजवणाऱ्याला दोन महिन्यांनी बदलावा लागतो, म्हणजे वर्षाला चार हजारांच्या आसपास. हिंदी-मराठी गाण्यांत तार ओढायचं काम फार, म्हणून नऊ ते बेचाळीसचा संच घ्या. सर्वांत बारीक तार सगळ्यात आधी तुटते. ती सुटी साठ ते शंभर रुपयांना मिळते, बॅगेत पाच-सहा ठेवून द्या. शिकवणीचे महिना हजार-दीड हजार धरले नाहीत तर गिटारचा सांभाळखर्च वर्षाला पाच ते सात हजारांत आटोपतो. तात्यासाहेब कोरे यांच्या प्रेरणेने इथे वारणा बालवाद्यवृंद उभा राहिला. ज्या गावाने लहान मुलांच्या हातात वाद्यं दिली, त्या गावातल्या पालकांना हा खर्च अवाजवी वाटू नये असं मला मनापासून वाटतं.

वापरलेली घेताना, परदेशातून आणताना

वापरलेली गिटार प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. डोक्याकडून मानेवर एक डोळा मिटून नजर टाका, पीळ लगेच दिसतो. रॉड दोन्ही बाजूंनी फिरतो का ते मालकासमोर पाहा. पहिल्या पाच फ्रेटवर खोल खाचा असतील तर फ्रेटच्या कामाचे पाच हजार किमतीतून वजा करायला सांगा. प्रत्येक फ्रेटवर प्रत्येक तार वाजवा, मेलेला सूर कुठे आहे का ते कळतं. नकली मालापासून सावध राहा. लेस पॉलच्या डोक्यावरच्या छोट्या झाकणाला खऱ्या गिब्सनमध्ये दोन स्क्रू असतात. तीन दिसले आणि नाव गिब्सन असलं तर उठून या. ‘फेंडर’ लिहिलेली नवी कोरी गिटार कुणी पंधरा हजारांत देत असेल तर ती फेंडर नाही.

अमेरिकेतला किंवा आखातातला नातेवाईक येणार असेल तर स्ट्रॅटचा आणखी एक फायदा: चार स्क्रू काढून मान वेगळी केली की ती मोठ्या सुटकेसमध्ये मावते. बिल सोबत ठेवायला सांगा, सीमाशुल्काची सवलतीची मर्यादा आधी तपासा, आणि तिथली वॉरंटी इथे बहुधा चालत नाही हे धरून चला. ॲम्प मात्र अमेरिकेतून आणू नका. तिथली वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. ॲम्प थेट लावला तर जळेल.

खोकं उघडल्यावर

पुण्याच्या किंवा मुंबईच्या दुकानातून ऑनलाइन मागवलेली गिटार वारणानगरला सहज येते. १८६५ पासून चाललेल्या फुर्ताडोजसारख्या दुकानांतून घ्या किंवा अधिकृत विक्रेत्याकडून, पण बिलावर जीएसटी क्रमांक आणि गिटारचा सीरियल नंबर हवा. खोकं उघडताना मोबाइलवर सलग चित्रण करा. परत करण्याची मुदत बहुतेक ठिकाणी आठवडा-दहा दिवसांचीच असते. त्या मुदतीत मान, फ्रेट, पाचही स्विच जागा, तिन्ही पॉट आणि जॅक तपासून व्हायला हवेत. सेटअपने सुटणारा दोष म्हणजे खराब माल नव्हे. पीळ पडलेली मान, चिरलेलं लाकूड, न लागणारा पिकअप हे मात्र परत करायचे दोष आहेत.

विक्रेता दाद देत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे मार्ग निघाला नाही तर कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. २०१९ च्या कायद्यानुसार तक्रार ग्राहक राहतो तिथेच करता येते, विक्रेता मुंबईचा असला तरी. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचं शुल्क नाही, वकील लावण्याची सक्ती नाही आणि अर्ज ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या भरता येतो. सोबत बिल, चित्रण आणि विक्रेत्याशी झालेला लेखी पत्रव्यवहार जोडा.